महादेवाची वाट

नागपुरात कोणी 'महादेवाले चाललो' म्हणालं, तर कुठल्या महादेवाला असं कोणी विचारत नाही. पचमढीच्याच. सावनेर, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत गाडीने साधारण अडीचशे किलोमीटर उत्तरेला. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत गेलात, तर पुढे नागद्वारची पायवाट. ही वाट सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या आतून जाते. वर्षातले जेमतेम दहा-बारा दिवस ती उघडी असते; एरवी तिथे वाघ, अस्वलं आणि गवत.

मी मोहल्ल्यातल्या मंडळासोबत गेलो. धूपगडाच्या बाजूने खाली उतरलो आणि मोबाइलची रेंज गेली. वाट अशी नव्हतीच, ओल्या दगडांवरून सरकणारी माणसांची रांग होती. कडा उभा असेल तिथे लोखंडी शिड्या, बाकी चिखल, मुळं आणि ओढे. मी पाट्या शोधत होतो, तर मागून काका म्हणाले, "पोट्ट्या, इकडंतिकडं नको पाहू. पुढच्याच्या पायाकडं पाह्य."

एका शिडीखाली रांग तासभर अडली, तेव्हा मला आप्पासाहेब भोसले आठवले. ते याच डोंगरांत लपले होते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांचं सैन्य इंग्रजांकडून हरलं. तह झाला, गादी परत मिळाली. पण मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट जेंकिन्सने त्यांना पुन्हा कटाच्या आरोपावरून पकडलं आणि अलाहाबादकडे रवाना केलं. मे महिन्यात जबलपूरच्या बाजूला एका मुक्कामी, पहाऱ्यावरचे काही शिपाई फोडून, नागपूरचा राजा रात्री शिपायाच्या वेशात छावणीतून निघून गेला. पुढचे नऊएक महिने तो महादेवाच्या डोंगरांत होता. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशाह त्याच्या बाजूने उभा राहिला. कंपनीच्या पलटणी डोंगर धुंडाळत राहिल्या, राजा सापडला नाही. फेब्रुवारी १८१९ मध्ये तो खाली उतरून असीरगडाकडे निसटला. एप्रिलमध्ये गड पडला, तेव्हा तो तिथेही नव्हता. पुढे पंजाब, शेवटी जोधपूर. तिथेच १८४० मध्ये वारला.

शाळेत हे एका ओळीत येतं, 'आप्पासाहेब जंगलात पळून गेले.' मला ती ओळ पटत नाही. झाडी पलटणींसाठीही तेवढीच दाट होती, फरक वाट दाखवणाऱ्यांचा होता. शिवाय हा मुलूख नागपूरला परका कधी नव्हताच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं ते बख्त बुलंद शाहने, आणि त्याची राजधानी देवगड, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात. भोसले नंतरचे. म्हणजे आप्पासाहेब ज्या दिशेला गेले, तिकडूनच त्यांचं शहर खाली आलं होतं. गोंडांची गादी भोसल्यांनी बळकावली होती, तरी हरलेल्या भोसल्याला आसरा गोंडांनीच दिला. नागपुरात याची आठवण किती जणांना आहे?

पचमढीचे गाइड मात्र सांगतात की हे ठिकाण कॅप्टन फोर्सिथने 'शोधलं'. फोर्सिथ आला १८६२ मध्ये. त्याने बांधलेला बायसन लॉज अजून उभा आहे. मग नागपूरचं सरकार दर उन्हाळ्यात तिथे जाऊ लागलं. साहेबांसाठी पिपरियाकडून चांगला रस्ता झाला, आणि नकाशावर तोच राहिला.

नागद्वारची वाट कोणी बांधली नाही. ती चालण्याने राहते, पावसात बुजते, पुन्हा चालण्याने उघडते. कोरोनात यात्रा भरली नाही. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी कमरेएवढं गवत होतं, असं काका सांगतात. तेव्हा मंडळाने तरण्या पोरांना मागे ठेवलं आणि सत्तरीच्या दोन म्हाताऱ्यांना रांगेच्या पुढे लावलं.