ओपनबीएसडीचे सुरक्षा व विश्वासार्हता पॅच

ओपनबीएसडी या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बाहेर पडल्यानंतर तिच्यात सापडलेले गंभीर दोष घालवण्यासाठी प्रकल्पातर्फे दिले जाणारे मोजके, छोटे बदल. प्रत्येक आवृत्तीचे एक जाहीर शुद्धिपत्र असते. त्यात प्रत्येक पॅचला अनुक्रमांक, तारीख आणि प्रकाराचा शिक्का मिळतो. तो दोष कोणत्या प्रोसेसरवरच्या यंत्रांना लागू आहे हेही तिथे लिहिलेले असते आणि सोबत एकदोन वाक्यांत दोषाचे वर्णन येते. शिक्के बहुतेक वेळा दोनच असतात : ‘सुरक्षा’ आणि ‘विश्वासार्हता’. हल्लेखोराला शिरकाव करू देणारे, नको ते अधिकार देणारे किंवा माहिती फोडणारे दोष पहिल्या शिक्क्याखाली येतात. यंत्र कोसळणे, अडकून पडणे, मेमरी गळत राहणे हे दुसऱ्याखाली. दोहोंमधली रेषा कागदावर दिसते तितकी पक्की नाही, हे या प्रकल्पाच्या इतिहासात एकदा फार ठळकपणे दिसले. त्याची हकीकत पुढे दिली आहे.

पार्श्वभूमी : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स परंपरेतून नेटबीएसडी ही प्रणाली निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एक थिओ दे राट यांना डिसेंबर १९९४ मध्ये तिथल्या मुख्य गटातून बाहेर पडावे लागले. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांनी कॅनडातील कॅलगरी येथून ओपनबीएसडी हा वेगळा प्रकल्प उभा केला. प्रकल्पाने आपला स्रोतसंग्रह सुरुवातीपासून कोणालाही वाचता येईल असा ठेवला. केव्हा, कोणी आणि कोणती ओळ बदलली हे त्या काळात इतर प्रकल्पांत बाहेरच्या माणसाला सहसा पाहायला मिळत नसे. आजच्या शुद्धिपत्रांचा मोकळेपणा या निर्णयातून आलेला आहे.

१९९६ च्या उन्हाळ्यापासून सहा ते बारा जणांच्या गटाने सगळा कोड ओळीने तपासायला घेतला. या तपासणीची रीत समजल्याशिवाय पॅचचे स्वरूप नीट कळत नाही. दोष सापडला की तो तेवढ्यापुरता दुरुस्त करून गट थांबत नाही. तशीच चूक आणखी कुठे झाली असेल या शंकेने सगळा स्रोतसंग्रह पुन्हा चाळला जातो. दोष ‘वापरता’ येईल की नाही याची वाट पाहिली जात नाही, तो दिसला की काढून टाकला जातो. सुरक्षेची बहुतेक भगदाडे म्हणजे साध्या प्रोग्रॅमिंगच्या चुका असतात, ही या गटाची ठाम धारणा आहे. सी भाषेत अक्षरमाला नकलताना राखून ठेवलेली जागा ओलांडली जाऊ नये म्हणून टॉड मिलर आणि दे राट यांनी बनवलेली स्ट्रएलसीपीवाय व स्ट्रएलकॅट ही फंक्शन्स १९९८ मध्ये याच मुशीतून आली. पुढे ती इतर अनेक प्रणालींनी उचलली.

कोणत्या दोषाला पॅच मिळतो : ओपनबीएसडीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. पॅच फक्त ताज्या आणि तिच्या लगतच्या आधीच्या आवृत्तीसाठी निघतात, म्हणजे कोणत्याही आवृत्तीला जवळपास वर्षभराचे आयुष्य मिळते. पाच-दहा वर्षे एकच आवृत्ती सांभाळणाऱ्या व्यापारी लिनक्स वितरणांशी तुलना केली तर हा नियम कठोर आहे, आणि कार्यालयात यंत्रे चालवणाऱ्याला तो जाचतोही. पण स्वयंसेवकांच्या छोट्या गटाने जुन्या आवृत्त्यांची न पेलणारी जबाबदारी घेण्यापेक्षा दोनच आवृत्त्या नीट सांभाळाव्यात, हेच प्रामाणिक आहे. २०१४ च्या सुरुवातीला कॅलगरीतल्या यंत्रांच्या विजेच्या बिलासाठी २०,००० डॉलर जमवताना प्रकल्पाची दमछाक झाली होती. त्यावरून त्याच्या साधनांचा अंदाज येतो.

रोजचे काम ‘करंट’ नावाच्या शाखेवर चालते. तिथे होणाऱ्या दुरुस्त्यांपैकी फार थोड्या, म्हणजे सुरक्षेला किंवा भरवशाच्या चालण्याला थेट धक्का देणाऱ्या चुकांच्या दुरुस्त्या, ‘स्टेबल’ शाखेवर आणल्या जातात आणि शुद्धिपत्रात चढतात. नवी सोय, नवा ड्रायव्हर, वेगातली सुधारणा यांना सहसा पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. पॅच जितका लहान तितकी त्यातून नवी चूक शिरण्याची शक्यता कमी, हा त्यामागचा विचार आहे. शुद्धिपत्र मूळ प्रणालीपुरते असते. वापरकर्ता वरून बसवतो त्या ब्राउझरसारख्या इतर सॉफ्टवेअरची दुरुस्ती वेगळ्या वाटेने येते.

शिक्का बदलला तो प्रसंग : २० फेब्रुवारी २००७ रोजी कोअर सिक्युरिटी या संस्थेने ओपनबीएसडीला एक दोष कळवला. तो आल्फ्रेडो ओर्तेगा यांनी शोधला होता. नेटवर्कवरून आलेली माहिती कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ‘एमबफ’ नावाच्या मेमरीच्या तुकड्यांत ठेवतो. आयपीव्ही६ची तुकड्यातुकड्यांनी पाठवलेली विशिष्ट पाकिटे आली की या तुकड्यांची नक्कल करताना हिशेब चुके, शेजारची मेमरी पुसली जाई आणि कर्नल कोसळे. कोअरने सुरुवातीला दाखवले ते एवढेच. ओपनबीएसडीच्या गटाने सहा दिवसांत करंट शाखेवर दुरुस्ती केली. मात्र दुरून यंत्र पाडता येणे याला ‘असुरक्षितता’ म्हणायला गट तयार नव्हता. दुरून ताबा मिळवता येतो अशाच दोषांसाठी तो शब्द राखून ठेवावा, नाहीतर त्याला काही वजन उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. एमबफच्या इतक्या खोल थरातल्या चुकीतून परका कोड चालवता येणे आश्चर्याचे ठरेल, असेही गटाने कळवले.

५ मार्चला कोअरने नेमके तेच करून दाखवले : नेटवर्कवरून पाकिटे पाठवून कर्नलच्या अधिकारात आपला कोड चालवला. ७ मार्चला ४.० आणि ३.९ या दोन्ही आवृत्त्यांसाठी पॅच निघाला, तरी त्यावरचा शिक्का ‘विश्वासार्हता’ असाच होता. ९ मार्चला तो बदलून ‘सुरक्षा’ झाला आणि १३ मार्चला कोअरचे निवेदन प्रसिद्ध झाले. तोपर्यंत ओपनबीएसडीच्या मुखपृष्ठावर मूळ स्थापनेत दुरून शिरता येईल असे एकच भगदाड सापडल्याचा दावा होता. २००२ मध्ये प्रकल्पाच्याच ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेले ते पहिले. आता त्या जागी दोनचा आकडा आला.

या प्रसंगात गटाची नियत खोटी होती असे म्हणता येत नाही. दुरुस्ती वेळेत झाली होती, वाद नावाचा होता. पण शिक्का वाचून घाई करायची की नाही हे ठरवणाऱ्या यंत्रणा-व्यवस्थापकासाठी त्या दोन दिवसांतला फरक मोठा होता. मेमरी बिघडवणारी कोणतीही चूक दुसऱ्या कोणाच्या कल्पकतेने हत्यार होऊ शकते. म्हणून ‘विश्वासार्हता’ असे लिहिलेला पॅच पुढे ढकलू नये, हा या प्रणालीचे जाणते वापरकर्ते पाळतात तो नियम योग्यच आहे. मुखपृष्ठावरच्या दाव्यातील ‘मूळ स्थापनेत’ हे शब्दही काळजीपूर्वक वाचावे लागतात. जानेवारी २०२० मध्ये प्रकल्पाच्याच ओपनएसएमटीपीडी या मेलसर्व्हरमध्ये पत्त्याची तपासणी चुकल्यामुळे रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकारात आज्ञा चालवता येत होत्या. दोष अत्यंत गंभीर होता. मूळ स्थापनेत हा सर्व्हर बाहेरून जोडणी स्वीकारत नाही, म्हणून दोनचा आकडा मात्र तसाच राहिला.

गुप्ततेच्या मुदतीचा प्रश्न : एकच दोष अनेक प्रणालींत असेल तर ठरावीक दिवसापर्यंत कोणी बोलायचे नाही, असा संकेत संशोधक पाळतात. ओपनबीएसडीला लांबलेली मुदत मान्य नसते. २०१७ मध्ये माथी वानहूफ यांनी वायफायच्या डब्ल्यूपीए२ पद्धतीतला ‘क्रॅक’ नावाने गाजलेला दोष जुलैमध्ये कळवला. मुदतीबाबत खटके उडाल्यावर त्यांनी गाजावाजा न करता पॅच काढू दिला आणि तो ऑगस्टअखेर निघाला. जगाला दोष कळला १६ ऑक्टोबरला. कोड उघडा असल्याने चाणाक्ष वाचकाला पॅचवरून दोष ओळखता येतो, म्हणून ही परवानगी देणे चुकले असे वानहूफ यांनी नंतर लिहिले. यापुढे ओपनबीएसडीला मुदत संपत आल्यावरच कळवले जाईल, असेही त्यांनी सांगितले. हातात तयार असलेली दुरुस्ती वापरकर्त्यांपासून महिनोन्‌महिने दडवायची का, हा दे राट यांचा प्रश्न रास्त आहे. इतर प्रणालींचे वापरकर्ते तोवर उघडे पडतात, ही अडचणही तितकीच खरी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये क्वालिस या कंपनीने लॉगिनची तपासणी चुकवणारा दोष कळवला, तेव्हा चाळीस तासांच्या आत पॅच बाहेर पडले. तो दोष एकट्या ओपनबीएसडीचा होता आणि कोणासाठी थांबायचे नव्हते.

पॅच यंत्रापर्यंत पोहोचण्याची रीत : पूर्वी वापरकर्त्याला स्रोतकोड उतरवून, पॅच लावून, कर्नल किंवा तो प्रोग्रॅम स्वतः कंपाइल करावा लागे. जुन्या यंत्रावर त्यात तासन्‌तास जात आणि कंटाळ्यापायी पॅच राहून जात. २०१४ मध्ये ५.५ या आवृत्तीबरोबर टेड उनांग्स्ट यांचे ‘सिग्निफाय’ आले आणि पॅचवर डिजिटल सही होऊ लागली. पुढच्या आवृत्तीची सार्वजनिक किल्ली आधीच्या आवृत्तीतच दिलेली असते. त्यामुळे विश्वासाची साखळी तुटत नाही आणि बाहेरच्या प्रमाणपत्र-संस्थेची गरज पडत नाही. एप्रिल २०१७ मधल्या ६.१ आवृत्तीत आंत्वान झाकोतो यांचे ‘सिसपॅच’ आले. एका आज्ञेत सही तपासून, तयार बांधलेले पॅच ते क्रमाने बसवते आणि लावलेला पॅच त्रास देऊ लागला तर काढूनही टाकते. ही सोय मोजक्या प्रोसेसरांवर आहे, इतरांना जुनीच वाट धरावी लागते. त्याच वर्षी ६.२ आवृत्तीपासून प्रत्येक यंत्रावरचा कर्नल दर बूटनंतर नव्या, यदृच्छ क्रमाने जोडला जाऊ लागला. दोन यंत्रांवरचे कर्नल सारखे नसल्याने सिसपॅच कर्नलचे बदललेले भागच देते आणि जोडणी त्या यंत्रावर होते.

इतर प्रणालींवरील परिणाम : ओपनएसएसएच याच प्रकल्पात लिहिले जाते आणि जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर चालते, त्यामुळे इथल्या दुरुस्त्यांचा पसारा ओपनबीएसडीच्या वापरकर्त्यांच्या संख्येपेक्षा फार मोठा आहे. जुलै २०२४ मध्ये क्वालिसने उघड केलेल्या ‘रिग्रेएसएसएच’ दोषात, २००६ मध्ये बुजवलेली चूक २०२० च्या एका बदलामुळे परत आली होती. लॉगिनची मुदत संपल्यावर मध्येच जागा होणारा कोड असुरक्षित रीतीने लॉग लिहीत असे. ग्लिबसी ही सी भाषेची लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्स यंत्रांवर त्यातून रूटचा ताबा मिळवता येत होता. ओपनबीएसडीने अशा वेळी वापरण्यासाठी लॉग लिहिण्याचे सुरक्षित फंक्शन २००१ मध्येच बनवले होते आणि तिथला कोड तेच वापरत होता. या दोषासाठी ओपनबीएसडीला पॅच काढावा लागला नाही.