इंग्रजी दंडविधानाचे शब्द आणि ख्रिस्तमंडळी

आपल्या उपदेशांत न्यायालय वारंवार येते. देव न्यायाधीश, मनुष्य अपराधी, नियमशास्त्र आरोप ठेवणारे आणि ख्रिस्त आपली बाजू घेणारा, हे चित्र पवित्र शास्त्रातूनच आलेले असल्यामुळे ते टाळण्याचे कारण नाही. तथापि आपल्यापैकी पुष्कळांचे ईश्वरविज्ञानाचे शिक्षण इंग्रजी ग्रंथांवर झाले आहे. 'जस्टिफिकेशन', 'पेनल्टी', 'पार्डन', 'अ‍ॅडव्होकेट' हे शब्द आपण शिकलो, तेव्हा त्यांच्याबरोबर इंग्लंडच्या न्यायालयांचा काही इतिहासही नकळत आपल्या पदरी पडला. तो तपासून पाहिल्यास असे दिसून येते की, दंडविधानातील काही महत्त्वाचे शब्द मंडळीच्या वेदीजवळून आणि मठांतून न्यायालयात गेले. जाताना ते दयेचे शब्द होते. तेथे त्यांचे काय झाले हे धर्मसेवकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

१. जेत्यांची भाषा

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि कालांतराने न्यायाची भाषा फ्रेंच झाली. 'थेफ्ट' म्हणजे चोरी, 'गिल्ट' म्हणजे दोष, 'ओथ' म्हणजे शपथ आणि 'गॅलोज' म्हणजे फाशीचा खांब, हे जुने देशी शब्द टिकून राहिले. परंतु 'कोर्ट', 'जज्ज', 'जस्टिस', 'क्राइम', 'प्रिझन', 'पनिशमेंट' आणि 'पार्डन' हे सारे शब्द फ्रेंचमधून आले. दोष आणि फाशी प्रजेच्या भाषेत, न्याय आणि क्षमा राज्यकर्त्यांच्या भाषेत, अशी ही वाटणी होती. सामान्य मनुष्याला आपल्यावरील खटला समजत नाही, हे कारण देऊन १३६२ साली न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत चालावा असा कायदा झाला. मौज अशी की, तो कायदाच फ्रेंच भाषेत लिहिलेला होता! दप्तर लॅटिनमध्ये ठेवण्याची रीत, मधली काही वर्षे सोडल्यास, १७३३ पर्यंत चालू राहिली.

आपल्याला ह्यात नवल वाटू नये. फिर्याद, गुन्हा, जामीन, कैद, वकील हे आपले नित्याचे शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीज 'त्रोंकु' ह्या शब्दावरून आला असे मानतात. त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचा खोडा. फिलिप्पैच्या बंदिशाळेत पौल व सीला ह्यांचे पाय अशाच खोड्यात घातले होते. निजामाच्या राजवटीत हैदराबादच्या न्यायालयांचे कामकाज उर्दूत चाले. आपल्या भाषेहून वेगळ्या भाषेत न्याय ऐकणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी माणसास निराळे सांगावयास नको.

२. दिव्य व ज्युरी

पुरावा नसलेल्या खटल्यांत पूर्वी इंग्लंडमध्ये दिव्याचा अवलंब होई. आरोपी तापलेले लोखंड हातात धरून काही पावले चाले. तीन दिवसांनी पट्टी सोडून जखम पाहात व त्यावरून निर्णय देत. मराठी राज्यातही उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होतेच. इंग्लंडमधील दिव्यात लोखंडास आशीर्वाद देण्याचे काम धर्मगुरूचे असे. पोप तिसरा इनोसंट ह्याच्या काळी १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटेरन परिषदेने असा आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंना मनाई केली. धर्मगुरू बाजूला होताच दिव्याचा आधारच गेला. १२१९ मध्ये राजाच्या न्यायाधीशांना दिव्य बंद करण्याची आज्ञा झाली, आणि ती पोकळी शपथ घेतलेल्या शेजाऱ्यांच्या मंडळाने हळूहळू भरून काढली. 'ज्युरी' ह्या शब्दाचा अर्थच 'शपथबद्ध' असा आहे. मंडळीने एका कृत्याला आशीर्वाद नाकारला आणि त्यामुळे एका देशाची न्यायपद्धती बदलली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३. 'क्लर्जी'चा लाभ

ह्याहून बोधप्रद इतिहास 'बेनिफिट ऑफ क्लर्जी' ह्या संज्ञेचा आहे. अपराधी धर्मसेवकाचा न्याय कोणी करावा ह्यावरून राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट ह्यांच्यात तीव्र वाद झाला. धर्मसभेच्या न्यायालयात दोषी ठरलेल्या धर्मसेवकाची दीक्षा काढून त्याला राजाच्या स्वाधीन करावे, असे हेन्रीने ११६४ च्या क्लॅरेंडन येथील कलमांत मांडले. एकाच अपराधाबद्दल देव दोनदा शिक्षा करीत नाही, हे नहूमाच्या पहिल्या अध्यायावरून काढलेले तत्त्व बेकेटने पुढे केले. २९ डिसेंबर ११७० रोजी त्याचा स्वतःच्या कॅथीड्रलमध्ये वध झाला. त्यानंतर राजाला नमते घ्यावे लागले, आणि धर्मसेवकाचा खटला धर्मसभेकडे सोपविण्याची रीत रूढ झाली. धर्मसभेचे न्यायालय रक्त सांडीत नसे. त्यामुळे अशा अपराध्याचा जीव वाचे.

पण धर्मसेवक ओळखावा कसा? त्या काळी वाचता येणे हेच धर्मसेवकाचे लक्षण मानीत. 'क्लेरिक' आणि 'क्लार्क' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून निघाले, त्याचे कारण हेच. आपल्या कचेरीतील क्लार्क नावापुरता तरी धर्मसेवकाचा भाऊबंद आहे! पुढे वाचनाची परीक्षा हीच कसोटी बनली आणि वाचू शकणारा कोणीही गृहस्थ हा लाभ मागू लागला. परीक्षेसाठी बहुधा एकच वचन असे, ते म्हणजे एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ. ते वाचणाऱ्याची मान फासातून सुटे, म्हणून लोक त्याला 'मानेचे वचन' म्हणू लागले. ज्यांना अक्षरओळख नव्हती असे कित्येक जण ते वचन पाठ करून येत. नाटककार बेन जॉन्सन ह्याने १५९८ साली द्वंद्वयुद्धात एका नटास ठार मारले. तो ह्याच लाभामुळे वाचला आणि अंगठ्यावर डाग घेऊन सुटला. दीक्षा नसलेल्याने हा लाभ दुसऱ्यांदा मागू नये म्हणून डाग देण्याचा कायदा १४८९ पासून होता.

ह्यात दोन दोष होते. पहिला असा की, दोघांचा अपराध एकच असता वाचणारा सुटे आणि न वाचणारा फासावर जाई. सामान्य स्त्रियांना तर हा लाभ सतराव्या शतकापर्यंत मिळतच नव्हता. दुसरा दोष असा की, ज्या स्तोत्रात अपराधी राजा आपले मोडलेले अंतःकरण देवापुढे मांडतो, तेच स्तोत्र पश्चात्तापाशी काही संबंध नसलेला परवलीचा शब्द बनले. पुढे पार्लमेंटने एकेक गंभीर गुन्हा ह्या सवलतीतून वगळला, आणि कायद्यात 'क्लर्जीच्या लाभाविना' हे शब्द आले की देहान्त शासन समजावे अशी स्थिती झाली. वाचनाची परीक्षा १७०६ च्या कायद्याने रद्द झाली आणि तो लाभ १८२७ मध्ये संपुष्टात आला.

ह्या प्रकरणात बेकेटच्या धैर्याला आम्ही आदर देतो. पण हेन्रीच्या प्रश्नाकडेही डोळेझाक करता येत नाही. आपल्यातील अपराध्यास नागरी न्यायापासून झाकून ठेवण्याचा मोह मंडळीला प्रत्येक काळी झाला आहे. असे झाकणे म्हणजे दया नव्हे, कारण त्यात ज्याच्यावर अन्याय झाला त्याला काहीच मिळत नाही.

४. आश्रय व प्रायश्चित्तगृह

'सँक्च्युअरी' ह्या शब्दाचा इतिहासही असाच आहे. मंदिरात शिरलेल्या अपराध्याला चाळीस दिवस आश्रय मिळे; त्या अवधीत तो राजाच्या अधिकाऱ्यापुढे अपराध कबूल करून कायमचा देश सोडून जाऊ शके. गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायातील शरणपुरांशी ह्याचे साम्य स्पष्ट आहे; नाशिकजवळच्या शरणपूर ह्या जुन्या मिशन वसाहतीचे नावही त्याच कल्पनेचे स्मरण देते. इंग्लंडमधील अपराध्यांचा हा आश्रय १६२४ मध्ये बंद झाला.

'पेनिटेन्शियरी' ह्या शब्दाचे परिवर्तन अधिक क्लेशदायक आहे. त्याचे मूळ पश्चात्तापवाचक लॅटिन शब्दात आहे. मंडळीत विशेष पापांची क्षमा करण्याचा अधिकार असलेल्या धर्मगुरूस हे नाव होते, आणि त्या नावाचे कार्यालय रोममध्ये आजही आहे. तुरुंगांची दुर्दशा पाहून हळहळलेल्या जॉन हॉवर्डने १७७७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १७७९ च्या कायद्याने ह्या नावाच्या बंदिगृहांची योजना झाली. मठवासी जसा आपल्या 'सेल'मध्ये एकांतात देवापुढे बसतो, तसा कैदी बसेल आणि पालटेल, अशी सुधारकांची प्रामाणिक आशा होती. फिलाडेल्फिया येथे १८२९ मध्ये उघडलेल्या बंदिगृहात प्रत्येक कैद्यास स्वतंत्र खोली व कडक मौन होते. १८४२ मध्ये ते पाहून चार्ल्स डिकन्सने हा एकांत शारीरिक छळाहून क्रूर असल्याचा अभिप्राय दिला. १९०६ मध्ये पुरे झालेल्या अंदमानच्या सेल्युलर जेलचे नाव त्याच 'सेल'वरून पडले. तेथे सावरकर बंधूंनी काय भोगले हे मराठी वाचकांस विदित आहे. पश्चात्ताप हा देवाच्या दयेने दिलेला प्रतिसाद असतो; तो भिंतींनी उत्पन्न करता येत नाही.

५. उपसंहार

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, आणि काही किरकोळ अपराधांसाठी तीत सामुदायिक सेवेची शिक्षा घातली आहे. शब्द बदलतात तेव्हा त्यांमागील मनही बदलते काय, हे काळच ठरवील. आपले कर्तव्य त्याहून जवळचे आहे.

योहानाच्या लेखनातील ज्या ग्रीक शब्दासाठी इंग्रजीत 'अ‍ॅडव्होकेट' हा शब्द येतो, तेथे आपल्या भाषांतरकारांनी वकील न म्हणता 'कैवारी' म्हटले. वकील फी घेऊन बाजू मांडतो. कैवारी आपला म्हणून उभा राहतो. हा शब्द आपल्या श्रोत्यांना समजतो. उपदेशात त्याला इंग्रजी न्यायालयाचा झगा चढविण्याचे प्रयोजन नाही.

दुसरी गोष्ट कॅटेकिस्ट बंधुभगिनींसाठी. बाप्तिस्म्यासाठी आलेल्या निरक्षर वृद्धेस आपण उत्तरे पाठ म्हणावयास लावतो आणि एखादा शब्द चुकला की तिला पुढच्या वर्षावर ढकलतो, तेव्हा एक्कावन्नावे स्तोत्र पुन्हा एकदा मानेचे वचन होते. ते स्तोत्र तिला शिकवावे, पण परीक्षा घेण्यासाठी नव्हे. तिने ते आपल्या शब्दांत देवापुढे म्हणावे म्हणून शिकवावे. आणि जे तुरुंगात भेटीस जातात त्यांनी कैद्याचा अपराध विचारण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे.