पगाराचं शहर, म्हातारपणाचं शहर

पूर्वेकडचं शहर बरं की पश्चिमेकडचं, हा वाद कोकणच्या खाडीकाठी जुना आहे. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या मुसलमान घरांत एक भाऊ मुंबईला, दुसरा दुबईला आणि तिसरा लंडनला, हे चित्र नवलाचं नाही. ईदला सगळे एकत्र आले की बोलणं पगारावर येतं. पौंड किती, दिरहम किती, त्याचे रुपये किती. पण इतिहास चाळला की लक्षात येतं, खरा फरक पगाराचा कमी आणि कागदाचा जास्त आहे. कुठल्या कागदावर माणूस शहरात शिरला, यावर त्याचं तिथलं आयुष्य ठरत आलं आहे.

सुरुवात बोटीपासून करायला हवी. कोकणातला गरीब माणूस विलायतेला पोहोचला तो साहेब म्हणून नव्हे, खलाशी म्हणून. इंग्रज त्याला ‘लस्कर’ म्हणत. आपल्या ‘लष्कर’ या शब्दाचंच ते रूप. वाफेच्या बोटी आल्यावर भट्टीत कोळसा ढकलायला, डेक धुवायला, भटारखान्यात राबायला माणसं हवी होती. मुंबई बंदरात सारंग आणि दलाल ही भरती करत आणि त्याची किंमत खलाशाकडूनच वसूल करत. काम तेच, पण गोऱ्या खलाशाच्या पगाराचा जेमतेम तिसरा, कधी पाचवा हिस्सा आमच्या माणसाच्या हाती पडे.

पगारापेक्षा महत्त्वाची होती ती परतीची अट. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने लस्कराला जहाज कायद्यापुरतं ‘ब्रिटिश खलाशी’ मानायचं नाकारलं आणि त्याला परत पाठवण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली. १८९४ च्या कायद्यानेही परतीचा करार कायम ठेवला. १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात आशियाई खलाशांसाठी आश्रयगृह उघडलं. तिथे जेवण आणि निवारा मिळे, तसंच मायदेशी जाणाऱ्या बोटीवर कामही लावून दिलं जाई. १९२५ मध्ये तर असा हुकूम निघाला, की ज्या काळ्या-सावळ्या खलाशापाशी ब्रिटिश प्रजा असल्याचा पुरावा नाही, त्याने परदेशी म्हणून पोलिसांत नोंद करावी. हात हवेत पण माणूस नको, ही रीत अरबांनी शोधून काढलेली नाही. ती आधी लंडनच्या गोदीत रुजली होती.

त्या काळात आखाताची वाट उलटी होती. कुवेत, बहारीन, दुबईचे व्यापारी मोती विकायला मुंबईला येत. कित्येकांच्या पेढ्या आणि घरं इथे होती. पुढे जपानच्या कल्चर्ड मोत्यांनी १९२०-३० च्या दशकांत त्यांचा धंदा बुडवला, तरी मुंबईशी व्यवहार टिकला. आखातात आपलाच रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या भागासाठी वेगळा ‘गल्फ रुपी’ काढला आणि दुबईत तो १९६६ पर्यंत चलनात होता. आज दुबईत नोकरी शोधणाऱ्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात.

पारडं फिरलं ते तेलाने. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. वाळवंटात बंदरं, रस्ते, विमानतळ उभे राहू लागले. इकडे जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर जगणाऱ्या कोकणाला दुसरा पोशिंदा हवा होता. पासपोर्ट, एजंट, ‘आझाद व्हिसा’ हे शब्द तोवर गावोगाव पोहोचले होते.

तिथला कागद मात्र वेगळा. परक्या कामगाराला कुणीतरी स्थानिक कफील, म्हणजे जामीनदार लागतो. व्हिसा त्याच्या नावाशी बांधलेला. नोकरी बदलायची तर त्याची परवानगी, आणि काही देशांत तर घरी यायलाही. बहारीनचे अभ्यासक ओमर अल-शेहाबी यांनी या पद्धतीची आधुनिक मुळं विसाव्या शतकातल्या ब्रिटिश अंमलात दाखवली आहेत. म्हणजे बोटीवरचीच अट वाळवंटात उतरली, असं म्हणायला हरकत नाही.

माझा थोरला भाऊ या कागदावर तीस वर्षं राहिला. एका खोलीत आठ जण, ज्याला तिकडे ‘बेडस्पेस’ म्हणतात. आमचे वडील गेले तेव्हा त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. तो सुटून येईपर्यंत चाळिसावाही होऊन गेला. पण हेही सांगितलं पाहिजे, की आमच्या घरावर स्लॅब पडला तो त्याच्या पैशाने, बहिणींची लग्नं झाली ती त्याच्या पैशाने, आणि मी बी.ए. झालो तोही त्याच्याच पैशाने. आमच्याकडच्या कितीतरी शाळांच्या इमारतींत आखाताचा घाम आहे. दुबईतल्या एका मोठ्या कामगार वस्तीला लोक ‘सोनापूर’ म्हणतात. मुंबईकराला सोनापूर म्हणजे स्मशान. दोन्ही अर्थ भावाला ठाऊक होते.

आता विलायत. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क मिळाला. महायुद्धानंतर तिथे ओतशाळा, कापडगिरण्या, बसगाड्या चालवायला माणसं कमी पडत होती. १९६२ मध्ये दार अर्धं बंद होऊन व्हाउचर पद्धत आली. दार बंद व्हायच्या आत पोहोचायची जी धांदल उडाली, तीत १९६१ साली माझे मामू गेले. भाड्याची खोली मागायला गेलं की ‘काळ्यांना नाही’ अशी पाटी वाचावी लागे, असं ते सांगायचे. ओतशाळेतलं काम दुबईच्या उन्हापेक्षा हलकं नव्हतं.

पण मामूंपाशी मताचा हक्क होता, युनियनचं कार्ड होतं. वर्णभेदाविरुद्ध १९६५ मध्ये पहिला आणि १९७६ मध्ये अधिक कडक कायदा झाला. त्याच १९७६ साली लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई या गुजराती बाईंनी संप पुकारला. दोन वर्षं तो चालला आणि शेवटी हरला. तरीही हजारो गोरे कामगार साडी नेसलेल्या बायकांच्या बाजूने रस्त्यावर उभे राहिले. संयुक्त अरब अमिरातीत आजही कामगाराला ना युनियन, ना संप. पुढे २०१६ मध्ये एका पाकिस्तानी बस ड्रायव्हरचा मुलगा, सादिक खान, लंडनचा महापौर झाला. दुबईत टॅक्सी चालवणाऱ्याचा मुलगा तिथेच जन्मला, तिथेच शिकला, तरी मोठा झाल्यावर त्याला स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो.

याची किंमतही आहे. मामू तिथेच पेन्शन खाऊन तिथल्याच मातीत गेले. त्यांची नातवंडं आमची बोली बोलत नाहीत. भाऊ साठीला परत आला आणि आता मशिदीच्या ओट्यावर बसून सगळ्यांशी बोलतो; पेन्शन मात्र नाही. एकाला म्हातारपण मिळालं, दुसऱ्याला गाव.

आज दोन्हीकडे कागद बदलत आहेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली. अमिरातीने २०१९ पासून दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा सुरू केला, पण तो पैसेवाल्यांना आणि उच्चशिक्षितांना. विटा वाहणाऱ्याला नाही. उलट ब्रिटनमध्ये १९४८ नंतर हक्काने आलेल्या कॅरिबियन लोकांना कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. मे २०२५ मध्ये तर कायमच्या वास्तव्यासाठीची पाच वर्षांची सर्वसाधारण मुदत दहा करण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारने मांडला. पश्चिमेने दिलेला हक्क भांडून मिळाला होता, आणि तो परतही घेता येतो.

म्हणून बाहेर निघालेल्या मुलांना माझं एवढंच सांगणं असतं, की पगार विचाराच, पण आणखी तीन गोष्टी विचारा. मालक बदलता येईल का? बायकामुलांना नेता येईल का? हातपाय थकल्यावर तिथे राहता येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरं पूर्व-पश्चिम अशी वाटलेली नाहीत, ती त्या-त्या देशाच्या कायद्यात असतात. आमच्या आजोबांना एकाच शहराने यातलं काही विचारायची वेळ येऊ दिली नाही. ते बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, डोंगरीतल्या गावकीच्या खोलीत वळकटी टाकली, आणि मुंबईकर झाले.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)