हळदीचा डाग आणि प्लॅस्टिकचा डबा
भांडी घासण्याची मराठी घरांतली जुनी साधने धातूसाठी होती: चुलीतली राख, नारळाची शेंडी, तांब्या-पितळेला चिंच. राखेतला क्षार तेलकटपणा काढी, चिंचेचे आम्ल काळपटपणा. अमेरिकेत अर्ल टपर यांनी १९४६ मध्ये पॉलिथिनचे डबे बाजारात आणले. पुढे प्लॅस्टिक इथल्या फडताळातही आले आणि राखेची मात्रा चालेना. हळदीतले पिवळे रंगद्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. आमटीच्या गरम तेलाबरोबर ते प्लॅस्टिकच्या आत मुरते. जोर लावून घासल्याने ओरखडे तेवढे पडतात आणि पुढचा डाग त्यांत अधिक घट्ट बसतो. खरा उपाय अंगणातलाच, ऊन. प्रकाशाने कर्क्युमिनचे रेणू मोडतात. धुतलेला डबा उन्हात ठेवला की पिवळेपणा फिकट होत जातो.