धान्य कूपन : श्रम आणि नोंद (विशेष संदर्भ : गोंदिया जिल्हा)

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धान पिकवणारा जिल्हा होय. २००१ च्या संपूर्ण ग्रामीण रोजगार योजनेत प्रतिदिन ५ किलो धान्य आणि किमान २५ टक्के मजुरी रोखीने देण्याची तरतूद होती. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरांना धान्यासाठी कूपन दिले जात असे. स्वस्त धान्य दुकानदारास जमा कूपन हाच वाटपाचा पुरावा असे. हजेरीपत्रकावरील श्रम व साठा नोंदवहीतील धान्य यांना हा कागदच जोडत होता.  फेब्रुवारी २००६ मध्ये गोंदियात राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा लागू झाला. पुढे मजुरी बँक व टपाल खात्यांत जमा होऊ लागली. तथापि नोंदीवाचून मजुरी नाही, हे सूत्र कायम राहिले.