धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

उद्याच्या जगाविषयी पाश्चात्त्य देशांत जे विज्ञानपट निघाले, त्यांपैकी पुष्कळांत ते जग उजळ नाही. राज्यसत्ता सर्वसाक्षी झाली आहे, माणसाच्या नावाच्या जागी क्रमांक आला आहे, आणि ज्याला सत्याची चाड आहे तो एक तर हद्दपार होतो किंवा कोठडीत पडतो, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. अशा चित्रपटांना केवळ करमणूक मानून सोडून द्यावे असे आम्हांस वाटत नाही. माणसाला माणसांपासून तोडले असता त्याला सत्य गवसते, की त्याची वाचाच हरपते, हा त्यांतील प्रश्न खरा आहे. त्याचे एक उत्तर आपल्या खानदेशच्या इतिहासात नोंदलेले आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी दोन चित्रपटांचा परिचय करून घेऊ.

पहिला १९७१ सालचा 'टीएचएक्स ११३८'. जॉर्ज लुकास या अमेरिकन दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. भुयारी नगरातील लोकांना सक्तीने औषधे देऊन भावनाशून्य ठेवले जाते. चित्रपटाचे नाव हाच त्यातील नायकाचा क्रमांक आहे. मन अस्वस्थ झाले की तेथील माणूस एका लहानशा खोपट्यात जाऊन बसतो. समोर ख्रिस्ताचे चित्र असते. पंधराव्या शतकातील चित्रकार हान्स मेमलिंग याच्या चित्रावरून ते घेतले आहे. माणूस आपली व्यथा सांगतो, आणि चित्रामागून शांत, मृदू आवाजात सहानुभूतीची उत्तरे येतात. मात्र तो आवाज आधीच मुद्रित करून ठेवलेला आहे. सांगणारा काय सांगतो याच्याशी त्या उत्तरांचा काडीमात्र संबंध नाही. पुढे नायकाला ज्या कारागृहात टाकतात त्याला भिंतीच दिसत नाहीत. चोहीकडे नुसता पांढरा शुकशुकाट. तरीही प्रायश्चित्त संस्काराच्या आसनावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना त्या पांढऱ्या तुरुंगापेक्षा ते खोपटेच अधिक भयंकर वाटते. आवाज आहे, शब्द आहेत, ख्रिस्ताची मुद्राही आहे. फक्त ऐकणारा कोणी नाही.

दुसरा चित्रपट फ्रान्स्वा त्रुफो यांचा १९६६ सालचा 'फॅरनहाइट ४५१'. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. तेथे अग्निशामक दलाचे काम पुस्तके जाळण्याचे. असाच एक जवान पुस्तके वाचू लागतो, पळून जातो आणि अरण्यात राहणाऱ्या परागंदा लोकांत पोहोचतो. या लोकांपैकी प्रत्येकाने एकेक ग्रंथ मुखोद्गत केला आहे. अखेरीस एक मरणोन्मुख वृद्ध आपला ग्रंथ एका मुलाला पाठ करून देतो, अन् बाहेर बर्फ पडत राहतो. पहिल्या चित्रपटाचा नायक शेवटी एकटाच जमिनीवर येऊन सूर्यासमोर उभा राहतो. येथे मात्र सत्य एका मुखातून दुसऱ्या कानात जाते.

आता खानदेशाकडे येऊ. १९३२ च्या जानेवारीत गांधीजींना अटक झाली, सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि देशातील तुरुंग सत्याग्रहींनी भरले. धुळ्याच्या तुरुंगात त्या वेळी जे बंदी होते त्यांत विनोबा भावे होते आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील नोकरी १९३० साली सोडून सत्याग्रहात उतरलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजीही होते. विनोबांचे वय छत्तीस, गुरुजींचे बत्तीस. सहबंद्यांसमोर विनोबांनी गीतेवर बोलण्यास आरंभ केला. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे अठरा रविवारी अठरा अध्याय झाले. ध्वनिमुद्रणाचे यंत्र तेथे नव्हते. साने गुरुजी समोर बसत आणि ऐकलेले लिहून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ महाराष्ट्राला मिळाला तो या लेखणीमुळे. पुढे भारताच्या अनेक भाषांत तो गेला. याच विनोबांनी उत्तरायुष्यात 'ख्रिस्तधर्मसार' संकलित केले, हेही आपल्या वाचकांनी ध्यानी ठेवावे.

विनोबांची वाणी थोर होती, यात संशय नाही. परंतु ती तुरुंगाच्या भिंतींबाहेर आली ती ऐकणाऱ्यामुळे. उत्तम शिक्षक, स्वतः लेखक असलेला मनुष्य आपले शब्द बाजूस ठेवतो आणि चार महिने दुसऱ्याचे शब्द झेलतो, ही लहान साधना नव्हे. बंदिवासात सत्य आपोआप प्रकट होत नाही. एकान्त मन निर्मळ करू शकतो, तसाच तो मन कुजवूही शकतो. धुळ्यास बंद्यांना एकत्र बसता येत होते, म्हणून हे घडले. १९०६ साली पुरे झालेल्या अंदमानच्या कारागृहाची रचनाच अशी होती, की एका कोठडीचे दार दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे उघडावे आणि बंद्याला बंद्याचे तोंड दिसू नये. श्रोता हिरावून घेतला की माणूस मोडतो, हे राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते.

गुरुजींच्या इतर बंदिवासांतही हेच सूत्र आढळते. १९३० च्या शिक्षेत त्यांना धुळ्याहून दूर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात हलविले. परक्या प्रांतात, परक्या भाषेत पडलेला हा मनुष्य खिन्न होऊन बसला नाही. तो तामिळ शिकला. पुढे त्यांनी 'कुरल' मराठीत आणला. प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी या त्यांच्या आंतरभारतीच्या स्वप्नाचे बीजही त्याच तुरुंगात पडले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकाची प्रकरणे म्हणजे रात्री; श्याम सांगतो आणि भोवती बसलेले मित्र ऐकतात. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

ख्रिस्ती वाचकाला हे अपरिचित नाही. संत पौलाने फिलेमोनाला पत्र लिहिले ते बंदिवासातून, आणि ते कोणा एका घरी वाचले जावे म्हणून. संत योहानाला पात्म बेटावर जे दर्शन घडले, तेही सात मंडळ्यांना लिहून पाठवायचे होते. वनवासात लाभलेले सत्य स्वतःपाशी ठेवण्यासाठी नसतेच.

परंतु इतिहास येथेच थांबत नाही, आणि आपणही थांबू नये. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली गुरुजींनी उपोषण केले. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला, आणि त्याच वर्षी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी मात्र त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्या अंतःकरणात काय चालले होते याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही, तो परमेश्वराचा. तथापि एक विचार आमच्या मनातून जात नाही. धुळ्याच्या तुरुंगात ज्याने दुसऱ्याचा शब्दन् शब्द टिपला, त्याची मुले त्याच्यावर जीव टाकत होती, महाराष्ट्र त्याला वंदन करीत होता, आणि तरी तो एकाकी राहू शकला. भिंती नसलेला पांढरा तुरुंग केवळ पडद्यावर नसतो.

आज ते मुद्रित आवाजाचे खोपटे प्रत्येकाच्या खिशात आले आहे. यंत्राला काहीही विचारावे, ते न थकता, न रागावता मृदू उत्तर देते. त्याचे उपयोग आम्ही नाकारीत नाही. परंतु आपल्या धर्मग्रामातील ज्या घरी सून-मुलगा सुरतेला किंवा पुण्याला गेले आणि म्हातारी चित्रवाणीसमोर एकटी बसली, ज्या घरी बारावीत नापास झालेला मुलगा दोन दिवस दार लावून आहे, तेथे यंत्राच्या उत्तराने भागणार नाही. तेथे कोणी तरी जाऊन समोर बसले पाहिजे. उपदेश करण्याची घाई नको. गुरुजी लेखणी घेऊन बसत, तसे केवळ ऐकण्यासाठी बसावे. रविवारची मिस्सा आटोपून घरी परतताना वाटेत असे एखादे घर लागतेच. तेथे थोडा वेळ थांबावे, आणि जो गप्प आहे त्याला आधी बोलू द्यावे.