पवनारची पाच मिनिटं

१९३८च्या सुरुवातीला विनोबा भावे यांचं वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम चाळीस किलोवर आलं होतं. वय बेचाळीस. वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी सूतकताईची कठोर साधना केली होती. कताईच्या मजुरीत माणसाचं पोट भरतं का, हे पाहायचं तर आधी स्वतः त्या मजुरीवर जगायला हवं, असा त्यांचा हिशेब. तासन्‌तास एकाच बैठकीत काम आणि त्यावर मोजकं जेवण. शरीर खंगत गेलं आणि बातमी गांधीजींच्या कानावर गेली.

थंड हवेच्या ठिकाणी जावं, असा आग्रह झाला. विनोबांनी मात्र निवडलं पवनार. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने आठेक किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाज यांचा बंगला रिकामा होता. विनोबा तिथे गेले ते सगळ्या कामांची काळजी मनातून उतरवूनच. मग त्यांनी कुदळ हाती घेतली.

पहिल्या दिवशी खोदलं फक्त पाच मिनिटं.

ही पाच मिनिटंच या गोष्टीचा गाभा आहेत. एवढा निग्रही माणूस, मनात आणलं असतं तर पहिल्याच दिवशी ढेकळांचा ढीग लावला असता आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरलं असतं. त्याऐवजी रोज थोडा थोडा वेळ वाढवत ते तासांवर गेले. खोदतानाही मध्ये काही क्षण थांबायचं, दम घ्यायचा, पुन्हा कुदळ उचलायची. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं. श्रेय एकट्या कुदळीचं नव्हे. विश्रांती, मोकळी हवा आणि निश्चिंत मन यांचाही त्यात वाटा होता. वर्ध्याच्या मातीतला व्यायामाचा हा धडा आखाड्यातल्या जोर-बैठकांइतकाच मोलाचा मानायला हवा.

त्या वेळी रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी मोजून पाहायला पवनारला कोणी बसलं नव्हतं. पुढच्या संशोधनातून मात्र या बेताने वाढवलेल्या श्रमाचा अर्थ उलगडतो. शरीर हलू लागलं की रक्ताभिसरण वाढतं आणि एरवी रक्तवाहिन्यांच्या कडेला रेंगाळणाऱ्या पांढऱ्या पेशी प्रवाहात येतात. विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ त्यात आघाडीवर असतात. श्रम थांबल्यावर रक्तातली त्यांची संख्या घटते. पूर्वी याला प्रतिकारशक्तीची घसरण समजत. आता अनेक शास्त्रज्ञ म्हणतात की त्या पेशी फुप्फुसांसारख्या अवयवांकडे पहाऱ्याला जात असाव्यात. अतिश्रमाचं काय? १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांच्या पाहणीत शर्यत धावलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांनी आठवडाभरात सर्दी-पडशासारखी तक्रार सांगितली; तयारी असूनही न धावलेल्यांमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होतं. दोष धावण्याचा, की अपुऱ्या झोपेचा, प्रवासाचा आणि गर्दीचा, हा वाद अजून मिटलेला नाही. खंगलेल्या शरीराला झेपेल तेवढंच काम द्यावं, याबद्दल मात्र दुमत नाही. शिवाय अन्न कमी पडलं की प्रतिकारशक्तीही खालावते. म्हणून पवनारला भरून आलेलं वजन एवढं महत्त्वाचं.

वर्ध्याचाच इतिहास आणखी एक गोष्ट बजावतो. रोज नेमाने फिरायला जाणारे गांधीजी १९३६मध्ये सेगावला राहायला आले आणि त्याच वर्षी हिवतापाने आजारी पडले. सेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. नियमित चालण्याने शरीर काटक होतं, पण डास चावायचा थांबत नाही. विनोबांनाही पुढे हाच अनुभव आला. १९५१पासून ते भूदानासाठी पायी हिंडत होते, तरी १९५२च्या डिसेंबरात बिहारमधल्या चांडिलला हिवतापाने त्यांना गाठलंच. औषध घ्यायला ते आधी तयार नव्हते. प्रकृती गंभीर झाल्यावर लोकांच्या आग्रहाखातर घेतलं, आणि ते वाचले. व्यायामाचा महिमा सांगताना ती औषधाची मात्रा विसरणं हा आजाऱ्यावर अन्याय आहे.

भूदानयात्रेला निघण्याआधी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला होता. पैशावाचून जगायचं आणि शेतीही बैलांवाचून, माणसांच्या हातांनी करायची. कुदळ पुन्हा कामाला लागली, या वेळी बरोबर तरुण साथीदार होते. विहिरीचं पाणी काढायलाही बैल नव्हते. रहाटाला आडवे दांडे बसवले होते. सगळे ते दांडे ढकलत गोल फिरत आणि फिरता फिरता ‘गीताई’ म्हणत. श्लोकाच्या लयीत पावलं पडत आणि पाणी भाजीच्या वाफ्यांकडे वाहत जाई.